नातीचे चार ऋतू, आजीचे सहा

पत्र : मी ६३ वर्षांची, मिरजेत राहते. मुलगा-सून तीन वर्षांपूर्वी माँट्रियलला गेले. सहा वर्षांची नात तिथल्या फ्रेंच शाळेत पहिलीत आहे. महिन्यापूर्वी व्हिडिओ कॉलवर तिनं म्हणून दाखवलं, ‘इल्या कात्र सेझों दाँ लाने : ल प्रँताँ, लेते, लोतॉन ए लिव्हेर.’ वर्षात चार ऋतू असतात : वसंत, उन्हाळा, शरद आणि हिवाळा. मग म्हणाली, ‘आजी, आता तू म्हण.’ मला जमेना. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा ती कंटाळून खेळायला पळाली. तेव्हापासून फ्रेंच शिकायचं मनावर घेतलंय. व्याकरणाचं पुस्तक आणलं, पण पहिल्या पानापासून क्रियापदांचे तक्तेच तक्ते. ‘वसंतात’ म्हणायला ‘ओ’ आणि बाकी तिन्ही ऋतूंना ‘आँ’, असं का, ते कुठेच सापडत नाही. सून म्हणते, ‘आई, तुम्ही फ्रेंचच्या मागे लागू नका, हिचं मराठी तुमच्यामुळेच टिकलंय.’ तिचं बरोबर आहे का? आणि या वयात हे व्याकरण डोक्यात शिरेल का?
— एक आजी, मिरज

प्रिय ताई,

ते पुस्तक सध्या कपाटात ठेवा. टाकून देऊ नका, सहा महिन्यांनी लागेल. तोवर तुमचं पुस्तक म्हणजे नातीनं दिलेलं ते एक वाक्य. पुण्यात मी तीस वर्षं फ्रेंच शिकवलं. पहिल्या आठवड्यात क्रियापदांचे तक्ते घोकायला लावले, की दिवाळीपर्यंत निम्मा वर्ग रिकामा होतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. तुमच्या नातीच्या शाळेतल्या बाईंनी मुलांना तक्ता दिला नाही, वाक्य दिलं. तुम्हीही तेच करा.

वाक्याच्या सुरुवातीपासून बघू. ‘इल्या’ हा ऐकायला एक शब्द वाटतो, लिहिताना ते तीन असतात : ‘इल’, ‘इ’ आणि ‘आ’. इल म्हणजे तो, इ म्हणजे तिथे, आणि आ हे ‘जवळ असणे’ या क्रियापदाचं रूप. शब्दाला शब्द लावला तर ‘तो तिथे बाळगतो’ असं काहीतरी विचित्र निघेल, म्हणून तसं लावत बसू नका. अर्थ इतकाच : आहे, किंवा आहेत. एक-अनेक यावरून हे रूप बदलत नाही. आपण एक ऋतू ‘आहे’ म्हणतो आणि चार ऋतू ‘आहेत’. फ्रेंचमध्ये एक असो की चारशे, इल्याच. आणि हा ‘इल’ कुणी खरा ‘तो’ नाही. फ्रेंचला कर्त्याशिवाय वाक्य उभं करता येत नाही, म्हणून नावापुरता कर्ता बसवला आहे. आपण ‘जाते हं’ म्हणतो, त्यात ‘मी’ नसला तरी काही अडत नाही. फ्रेंचमध्ये अडतं. पाऊस पडतो म्हणायचं तर ‘इल प्ल’, बर्फ पडतो तर ‘इल नेझ’, थंडी आहे तर ‘इल फे फ्र्वा’. या तिन्ही ठिकाणी तोच रिकामा इल. नात घाईत असली की नुसतं ‘या कात्र सेझों’ म्हणेल, इल गिळून. ती चुकली असं समजू नका, तिकडे घरोघरी तसंच बोलतात.

हेच ‘इल्या’ काळ सांगायलाही येतं, आणि ते तुमच्या फार उपयोगाचं आहे. ‘इल्या त्र्वा आँ’ म्हणजे तीन वर्षांपूर्वी. मुलगा-सून गेले ते इल्या त्र्वा आँ.

आता तुमच्या वाक्यात नामांच्या आधी येणाऱ्या ल, आणि त्याच्या जोडीच्या ला आणि ले कडे येऊ. मराठीत नामाला लिंग असतंच, त्यामुळे टेबल नपुंसकलिंगी आणि खुर्ची स्त्रीलिंगी का, असा प्रश्न आपल्याला पडत नाही. फक्त आपण ते लिंग नामापुढे वेगळा शब्द लावून सांगत नाही. फ्रेंच सांगते. पुल्लिंगी असेल तर ल, स्त्रीलिंगी असेल तर ला, अनेकवचन असेल तर दोघांनाही ले. नपुंसकलिंग नाही, म्हणजे आपल्यापेक्षा एक लिंग कमीच. चारही ऋतू पुल्लिंगी आहेत, आणि हे लक्षात ठेवायला तुम्हाला कष्ट नाहीत, कारण आपले उन्हाळा, पावसाळा, हिवाळा तिन्ही पुल्लिंगीच आहेत.

मग वाक्यात ‘ल’ फक्त प्रँताँच्या आधी का ऐकू येतो? बाकीचे तिघे स्वरानं सुरू होतात : एते, ओतॉन, इव्हेर. (इव्हेर लिहिताना सुरुवातीला ‘ह’चं अक्षर असतं, पण ते मुकं.) ल आणि पुढचा स्वर समोरासमोर आले की ल मधला स्वर पडतो आणि दोन शब्द एकाच श्वासात येतात : लेते, लोतॉन, लिव्हेर. लिहिताना पडलेल्या स्वराच्या जागी वर एक छोटा स्वल्पविरामासारखा फटकारा देतात. तुम्ही स्तोत्रं म्हणत असाल, तर ही खूण तुम्हाला वेगळ्या रूपात माहीत आहे. ‘नमोऽस्तु ते’ मधला अवग्रह आठवा. नमः आणि अस्तु जवळ आले, ‘अ’ गेला आणि त्याच्या जागी ‘ऽ’ राहिला. फ्रेंच फटकारा नेमकं तेच काम करतो : इथे एक स्वर होता, तो आता नाही. व्याकरणाच्या पुस्तकात याला लांबलचक नाव असतं. तुम्ही त्याला अवग्रहच म्हणा.

‘लाने’ मध्येही तेच झालंय, पण तिथे एक फसगत आहे. ‘आने’ म्हणजे वर्ष, आणि ते स्त्रीलिंगी. ला चा आ पडल्यामुळे लिंगच झाकलं गेलं. म्हणून स्वरानं सुरू होणारं नाम वहीत नोंदवताना शेजारी पु. किंवा स्त्री. लिहायची सवय आत्ताच लावा. नंतर फार हात जोडावे लागतात.

सेझों म्हणजे ऋतू. आपला ऋतू पुल्लिंगी, सेझों स्त्रीलिंगी : ला सेझों. इथे मराठीच्या भरवशावर राहिलात तर चुकाल, म्हणून एक गोष्ट सांगते. हा शब्द लॅटिनमधल्या ज्या शब्दापासून आला, त्याचा अर्थ पेरणी. पेरायची वेळ म्हणजे हंगाम, आणि हंगाम म्हणजे ऋतू, असा त्याचा प्रवास. पेरणी आपल्याकडेही स्त्रीलिंगीच. मिरजेच्या माणसाला पेरणी विसरणं शक्य नाही, म्हणजे ला सेझोंही विसरणार नाही.

एकाच्या चार सेझों झाल्या की लिहिताना शेवटी ‘स’चं अक्षर लागतं, उच्चारात काहीच बदलत नाही. आपलं एक ऋतू, चार ऋतू असंच आहे ना? कानाला अनेकवचन कळतं ते नामाच्या आधीच्या शब्दावरून. ला सेझों म्हटलं की एक, ले सेझों म्हटलं की अनेक. म्हणूनच नाम कधीही एकटं पाठ करू नका. ‘सेझों’ नाही, ‘ला सेझों’. मुलीचं नाव आडनावासकट लिहितो तसं. बाकी शेवटच्या अक्षरांवर फ्रेंचचा फारसा भरवसा ठेवू नये. प्रँताँ या शब्दात नऊ अक्षरं आहेत आणि शेवटची दोन नुसती उभी आहेत. त्यातलं अगदी शेवटचं ‘स’चंच, पण ते अनेकवचनाचं नाही, एका वसंतालाही असतंच.

आता तुमचा खरा प्रश्न, ओ आणि आँ. हा प्रश्न वाचून मला माझं पहिलं वर्ष आठवलं. मी कितीतरी निबंधांत ‘आँ प्रँताँ’ लिहिलं, दर वेळी त्यावर लाल रेघ यायची आणि वर ‘ओ’. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि विचारायची मला भीती वाटायची. शेवटी एका वयस्क बाईंनी वही मिटायला लावली आणि म्हणाल्या, आता चारही मोठ्यानं म्हण, हळूहळू. तसं म्हणताना कळलं. तुम्हीही म्हणून बघा : आँनेते, आँनोतॉन, आँनिव्हेर. ‘आँ’च्या नाकातल्या आवाजातून एक ‘न’ बाहेर येतो आणि पुढच्या स्वराला हात देतो. जीभ कुठे अडखळत नाही. आता त्याच जागी ‘ओ एते’ म्हणा. ओ आणि ए एकमेकांवर आपटतात. प्रँताँ मात्र ‘प’नं सुरू होतो, त्याच्यापुढे ‘ओ’ सहज येतो : ओ प्रँताँ. पुल्लिंगी शब्द व्यंजनानं सुरू झाला की ओ, स्वरानं सुरू झाला की आँ. ऋतूंपुरतं इतकं पुरेल.

हा ओ सुद्धा एक जोडशब्द आहे. ‘आ’ म्हणजे -ला किंवा -त, त्याला ‘ल’ जोडला की ‘ओ’ होतो. देशांच्या नावांनाही हाच न्याय लागतो. जपान आणि इराण दोन्ही पुल्लिंगी, पण जपानमध्ये ‘ओ जापों’ आणि इराणमध्ये ‘आँनिराँ’. नात राहते ‘ओ कानादा’, त्यातही ‘ओ केबेक’, म्हणजे क्वेबेक प्रांतात. भारत फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी आहे, आणि स्त्रीलिंगी देशांना सहसा आँ. म्हणून तुम्ही राहता ‘आँनँद’. हा शब्द पहिल्यांदा वर्गात म्हटला की दर वर्षी कुणीतरी ‘आनंद?’ म्हणून विचारतंच, आणि मला दर वर्षी तितकंच बरं वाटतं.

आपल्याला याची सवय का नसते? आपण ‘-त’ मागून लावतो आणि त्यासाठी नामालाच वाकवतो : हिवाळा, हिवाळ्यात. फ्रेंच शब्दयोगी पुढे लावते आणि नामाला हात लावत नाही. इव्हेर कायम इव्हेरच. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला सामान्यरूप शिकताना किती त्रास होतो, ते मी पाहिलंय. त्या मानानं तुमच्या वाट्याला सोपं काम आलंय.

आणि इव्हेर परकाही नाही. हिवाळ्यातलं हिंव संस्कृत ‘हिम’पासून आलं. इव्हेर ज्या लॅटिन शब्दापासून आला, त्याचं मूळही त्याच हिमाशी जाऊन मिळतं. इव्हेर आणि हिवाळा हजारो वर्षांपूर्वी एका घरचे होते, हे तुमच्या नातीला नक्की सांगा. कात्र आणि संस्कृतमधला चतुर्, सेत आणि सात, दिस आणि दहा, यांचंही तसंच.

आता वयाचं. व्याकरण डोक्यात शिरेल का, असं तुम्ही विचारता. ताई, ते बरंचसं आधीच शिरलेलं आहे. एक उदाहरण देते. ‘माझा आवडता ऋतू हिवाळा’ हे वाक्य घ्या. फ्रेंचमध्ये ‘मा सेझों प्रेफेरे, से लिव्हेर.’ सेझों स्त्रीलिंगी म्हणून ‘मा’, पुल्लिंगी असतं तर ‘मों’, अनेकवचनी असतं तर ‘मे’. माझी वही, माझा पेला, माझी पुस्तकं. वस्तू कुणाची आहे यावर नाही, वस्तू कोणत्या लिंगाची यावर हा शब्द बदलतो. इंग्रजीच्या वाटेनं फ्रेंच शिकणारी मुलं इथे महिनोन् महिने अडकतात, कारण इंग्रजीत मालक पुरुष की बाई ते बघतात. तुम्हाला मराठीनं हे पाळण्यात शिकवलंय. तू आणि तुम्ही यांतला फरकही तसाच : ‘त्यू’ आणि ‘व्हू’. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की फ्रेंच इंग्रजीतून शिकू नका, सरळ मराठीतून शिका.

उच्चारांतही मराठी हात देते. सेझों मधला ‘झ’ लिहिताना ‘स’चं अक्षर असतं, दोन स्वरांमध्ये एकटं सापडलं की ते मऊ होतं. हा उच्चार ‘जय’ मधल्या ज कडे जात नाही, ‘जरा’ मधल्या ज कडे जातो, आणि तो ज आपल्याकडे आहे. नाकातले स्वर जुन्या पुस्तकांतल्या ‘नांव’, ‘घरांत’ मधल्या अनुस्वारांसारखे म्हणा. घरात कुणी मालवणी किंवा कोकणी बोलणारं असेल तर त्यांच्या तोंडून ऐका, त्यांचे ते अजून ठणठणीत आहेत. शिवाय माँट्रियलची फ्रेंच पॅरिसच्या फ्रेंचपेक्षा वेगळी ऐकू येते. तिकडे ‘त्यू’ मधला त, चूल किंवा चूक मधल्या च सारखा होतो. मंगळवार म्हणजे ‘मार्दी’, पण नातीच्या तोंडी त्या ‘द’मागे ‘जरा’चा ज डोकावेल. फोनवरच्या अॅपमध्ये वेगळं ऐकलंत तर नातीचं खरं माना. तुम्हाला बोलायचंय तिच्याशी.

देवनागरीत लिहून घ्या, पण पहिला महिनाभरच. मीही इथे तसंच लिहिलंय आणि लिहिताना मला ठाऊक आहे की ‘इल प्ल’ चा शेवटचा स्वर देवनागरीत बसत नाही. ओठांचा ओ करून आतून ए म्हणायचा असतो. त्यासाठी नातीचा आवाज रेकॉर्ड करून मागवा. दहा सेकंदांचं एक वाक्य, दिवसातून पाच-सहा वेळा, स्वयंपाक करताना.

आता सूनबाईंचं. त्यांची काळजी मला पटते आणि ती हलकी समजू नये. क्वेबेकमध्ये १९७७ च्या फ्रेंच भाषेच्या सनदेमुळे बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुलं साधारणपणे फ्रेंच शाळेतच जातात. म्हणजे नातीचा सगळा दिवस फ्रेंचमध्ये जातो, मैदानावर आणि टीव्हीवर इंग्रजीही असणार. मराठीसाठी उरतं घर, आणि त्यातला मोठा वाटा तुमच्या कॉलचा. म्हणून तुम्ही तिच्याशी फ्रेंचमध्ये गप्पा मारायला लागू नका. इथवर सूनबाई बरोबर आहेत.

पण फ्रेंच शिकूच नका, हे मला पटत नाही. त्या दिवशी नात खेळायला पळाली, कारण तिच्याकडचं काहीतरी तिनं पुढे केलं आणि ते घ्यायला समोर कुणी नव्हतं. तिची शाळा जर आजीला कळतच नसेल, तर आजीशी बोलायच्या गोष्टी दर वर्षी कमी होत जातील. तिची फ्रेंच ऐकून घेणारी आजी मराठीची शत्रू नाही. म्हणून देवाणघेवाण करा. तिनं एक फ्रेंच वाक्य द्यायचं, तुम्ही त्याच विषयावरचं मराठी वाक्य द्यायचं, आणि दोघींनी दोन्ही म्हणायची. तिनं चार ऋतू दिले, तुम्ही सहा द्या : वसंत, ग्रीष्म, वर्षा, शरद, हेमंत, शिशिर. ‘आजीकडे दोन जास्त कसे?’ हा प्रश्न ती विचारेलच, आणि त्याचं उत्तर द्यायला तुम्हाला मराठीतच बोलावं लागेल. व्याकरण तिला विचारा, पण तिच्या फ्रेंच चुका काढू नका. त्याला तिच्या बाई आहेत.

रोजचा अभ्यास म्हणाल, तर एक वाक्य घ्यायचं आणि त्यातला एकच शब्द बदलायचा. पहिला आठवडा नातीचं वाक्य जसंच्या तसं. दुसऱ्या आठवड्यात ‘आँनिव्हेर, इल फे फ्र्वा’, मग ‘आँनेते, इल फे शो’ : उन्हाळ्यात गरम होतं. तिसऱ्या आठवड्यात नकार, ‘इल न नेझ पा’, बर्फ पडत नाही. क्रियापदाच्या अलीकडे ‘न’ आणि पलीकडे ‘पा’, दोन बाजूंनी धरायचं. बोलताना अलीकडचा न गळतो, पा राहतो. चौथ्या आठवड्यात आवडीनिवडी. त्या महिन्यात नवे शब्द पंधराच्या वर जाऊ देऊ नका. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते : क्लास लावायचा तर जरूर लावा, पण ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पातळीच्या परीक्षेची फी लगेच भरायची गरज नाही. तुम्हाला कुणाला प्रमाणपत्र दाखवायचं नाहीये.

आणि एक वाक्य माझ्याकडून, जे नातीच्या पुस्तकात नसेल. ‘शे म्वा, इल्या त्र्वा सेझों : लेते, ला मुसों ए लिव्हेर.’ माझ्याकडे तीन ऋतू असतात : उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा. ‘शे म्वा’ म्हणजे माझ्या घरी, माझ्याकडे. ‘मुसों’ म्हणजे मोसमी पाऊस. मूळ अरबी शब्द पोर्तुगिजांबरोबर युरोपात गेला आणि फ्रेंचमध्ये मुसों झाला. आपल्याकडे तोच ‘मोसम’ होऊन राहिला. या यादीत तेवढी एकच स्त्रीलिंगी, म्हणून तिच्यापुढे ‘ला’ लख्ख ऐकू येतो. पावसाळ्यात म्हणायला मात्र ओ नाही आणि आँ नाही, ‘पाँदाँ ला मुसों’ म्हणजे मोसमी पावसाच्या दिवसांत.

आठवडाभर हे म्हणून घ्या. माँट्रियलचं घड्याळ आपल्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा तास असतं, त्यामुळे आपल्या रविवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला ती नाश्त्याला बसलेली असेल. तोंडातला घास संपू द्या आणि मग म्हणा, ‘शे म्वा, इल्या त्र्वा सेझों.’ ती बहुधा म्हणेल, ‘नाही आजी, कात्र!’ तेव्हा खिडकीबाहेरचा पाऊस तिला दाखवा.

— तुमची ताई